थीम केक आणि हलव्याचे दागिने : मुलांसाठी घडवलेल्या साखरेचा इतिहास

१/ चामटोली हे अंबरनाथ तालुक्यातील, बदलापूरजवळचे गाव. बदलापूर परिसरातील गृहसंकुलांत मुलाच्या वाढदिवसाची तयारी अनेकदा आठवडाभर आधी सुरू होते. साखरेचे हत्ती, मोटारी, बाहुल्या अगोदर घडतात. केक नंतर भाजला जातो. हा ‘थीम केक’ सर्वस्वी परका असल्याचा समज रूढ आहे. इतिहास पाहता तो निम्माच खरा ठरतो.

२/ आधी परका भाग. वाढदिवसाच्या केकवर मेणबत्त्या लावण्याची प्रथा जर्मनीत अठराव्या शतकात आढळते. मराठी घरात वाढदिवस तिथीने येई. अभ्यंगस्नान, औक्षण आणि गोडाचे जेवण एवढा त्याचा विधी. येथे दिवा ओवाळला जाई. फुंकर घालून ज्योत विझवणे अशुभ मानले जाई. आज अनेक घरांत आधी औक्षण होते, मग केक कापला जातो.

३/ शाकाहारी मराठी स्वयंपाकघरात केकला दोन अडचणी होत्या : अंडे आणि भट्टी. केक फुगवण्याचे एक साधन इंग्लंडमधून आले. बर्मिंगहॅमचे औषधविक्रेते आल्फ्रेड बर्ड यांच्या पत्नीला अंडी व यीस्ट सोसत नसत. तिच्यासाठी त्यांनी १८३७ मध्ये बिनअंड्याचे कस्टर्ड आणि १८४३ मध्ये बेकिंग पावडर तयार केली. भट्टीची उणीव येथील गृहिणींनीच भरून काढली : कुकरच्या तळाशी वाळू किंवा मीठ पसरायचे, शिट्टी काढायची आणि मंद आचेवर केक भाजायचा.

४/ साखरेला आकार देण्याची कला युरोपातही जुनी आहे. सोळाव्या शतकाच्या मध्यास इटलीत ‘आलेस्सिओ पिएमोंतेसे’ या नावाने प्रसिद्ध झालेल्या ग्रंथात साखर आणि डिंक यांच्या लगद्यापासून फळे, ताटल्या व पेले घडवण्याची कृती आहे. मेजवानी संपली की पाहुण्यांनी ती भांडीच खायची! मुलांच्या केकला घरगुती हौसेचे रूप देणाऱ्या पुस्तकांत ‘ऑस्ट्रेलियन विमेन्स वीकली’चे १९८० चे पुस्तक विशेष गाजले. त्याच्या मुखपृष्ठावर आगगाडीचा केक होता.

५/ आता घरचा भाग. संक्रांत ते रथसप्तमी या काळात लहान मुलांचे बोरन्हाण होते. काळे कपडे घातलेल्या बाळाला हलव्याचे दागिने चढवतात : मुकुट, हार, बाजूबंद आणि हाती बासरी. बाळ त्या दिवशी कृष्ण होते. मग डोक्यावरून बोरे, उसाचे करवे, हरभरे, चुरमुरे ओततात आणि आळीतली मुले ती वेचायला धावतात. विषय ठरलेला, खाऊ त्याला साजेसा, पाहुणे लहान मुले. आजच्या भाषेत ही ‘थीम पार्टी’च होय.

६/ हे दागिने एका दिवसात होत नसत. तीळ, खसखस किंवा साबुदाणा मंद आचेवर परातीत घ्यायचा, त्यावर साखरेचा पाक थोडा थोडा सोडायचा आणि हाताने सतत हलवत राहायचे. काटा फुलायला कित्येक दिवस लागत. नंतर एकेक दाणा दोऱ्यात ओवायचा किंवा कागदावर चिकटवायचा.

७/ दोन्ही कलांचे वेळापत्रक साखरच ठरवते. साखर पाणी धरून ठेवते, म्हणून तिच्यात जंतू सहसा वाढत नाहीत. हलवा व साखरेच्या मूर्ती कोरड्या जागी टिकतात. ताजे क्रीम टिकत नाही. म्हणून मूर्ती आठवडाभर आधी, स्पंज आदल्या दिवशी, क्रीम शेवटी. दोन्हींचा शत्रू मात्र दमट हवा. संक्रांत कोरड्या थंडीत येते; वाढदिवस आषाढातही येतो. फ्रिजमधून काढलेल्या फॉन्डंटला तेव्हा घाम सुटतो.

८/ खरा फरक पडला तो श्रमाच्या हिशेबात. हलव्याचे दागिने दादर-पुण्याच्या बाजारांत विकले जातात खरे. परंतु घरी ते करणाऱ्या आजी-मावशींच्या दिवसांचा हिशेब कोणी ठेवला नाही. ते काम ‘हौस’ म्हणून गणले गेले. घरून केक विकणारी स्त्री आज कायद्याच्या दृष्टीने अन्नव्यावसायिक आहे. २००६ च्या अन्नसुरक्षा कायद्याखालील २०११ च्या नियमांनी वार्षिक १२ लाख रुपयांपर्यंत उलाढाल असलेल्या लहान व्यावसायिकांसाठी नोंदणी आवश्यक केली.

९/ तरीही ‘घरीच तर करता, मग एवढे पैसे कशाचे?’ हा प्रश्न तिला विचारला जातो. मैदा, साखर आणि लोणी यांच्या भावात त्याचे उत्तर सापडणार नाही. हत्तीची सोंड वाळेपर्यंत गेलेले दिवस त्यात धरावे लागतील. काटा फुलवण्यात गेलेले दिवस पूर्वी कोणीच धरले नव्हते.