हृदयावरच्या रेघा

चौकडीच्या कापडाचा तुकडा दोन्ही हातांनी तिरका ओढला की चौकोनांची शंकरपाळी होते. कुठला चौकोन किती ताणला गेला ते लगेच दिसतं. कापड कोरं असतं तर काहीच कळलं नसतं. हृदयाच्या स्नायूचंही तसंच आहे. तो धडधडताना दिसतो, पण त्याचा कुठला भाग किती आखडला हे कळायला त्याच्यावर खुणा लागतात. ही कुळकथा त्या खुणांची.

आधी शब्दाबद्दल. हृदयाच्या तपासणीच्या अहवालात ‘स्ट्रेन’ दिसलं की पेशंटच्या घरचे त्याचा अर्थ ‘ताण’ असा लावतात आणि धास्तावतात. भौतिकशास्त्राच्या मराठी पुस्तकांत त्याला ‘विकृती’ म्हणतात, तोही शब्द धीर देणारा नाही. अर्थ मात्र साधा आहे: मूळ लांबीच्या मानाने लांबी किती टक्के बदलली. 10 सेंटिमीटरचा स्नायू 8 झाला, तर स्ट्रेन उणे 20 टक्के. निरोगी डाव्या जवनिकेत, म्हणजे हृदयाच्या खालच्या डाव्या कप्प्यात, लांबीच्या आणि घेराच्या दिशेने आकडा साधारण एवढाच येतो. जाडीच्या दिशेने तो अधिक असतो, कारण आखडताना भिंत जाड होते.

पहिल्या खुणा धातूच्या होत्या. 1970 च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या पालो आल्टो इथे नील इंगल्स आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी, शस्त्रक्रियेसाठी छाती उघडलेली असतानाच, हृदयाच्या भिंतीत टँटलम धातूच्या इवल्याशा गुंडाळ्या बसवल्या आणि नंतर एक्स-रेच्या चित्रफितीत त्यांचा मागोवा घेतला. मोजमाप अस्सल होतं, पण त्यासाठी छाती उघडावी लागे.

1988 मध्ये बाल्टिमोरच्या जॉन्स हॉपकिन्समध्ये एलियास झरहूनी यांनी सुरीशिवाय खूण करून दाखवली. एमआरआयचं चित्र उमटतं ते मुख्यतः शरीरातल्या पाण्यातल्या हायड्रोजनच्या चुंबकत्वातून. ठोका सुरू होताना स्नायूच्या काही पातळ पट्ट्यांमधलं चुंबकत्व रेडिओलहरींनी तेवढ्यापुरतं पुसलं, की चित्रात तिथे काळी रेघ येते. रेघ स्नायूच्या आतच असल्यामुळे स्नायू वळेल तशी तीही वळते. पुढच्याच वर्षी पेनसिल्व्हेनिया विद्यापीठात लिऑन ॲक्सेल आणि लॉरेन्स डॉहर्टी यांनी समांतर रेघांची अख्खी रांग एकदम आखण्याची युक्ती काढली. त्यातून आडव्या-उभ्या रेघांची जाळी आली. जिवंत माणसाच्या हृदयावर गणिताच्या वहीसारखी चौकडी उमटते आणि दर ठोक्याला पिळवटते, हे दृश्य मला अजूनही थक्क करतं. ही रेघ सेकंदाभरात विरून जाते, त्यामुळे ठोक्याच्या उत्तरार्धात ती पुसट होते.

पण खरी मेख मापाची होती. दोन रेघांमधलं अंतर साधारण 6-7 मिलिमीटर, आणि हृदयाची भिंत जेमतेम 1 सेंटिमीटर जाड. म्हणजे जाडीत एक, फार तर दोन रेघा मावणार. घेर मात्र 18-19 सेंटिमीटरचा, तिथे रेघा भरपूर. म्हणून घेराचा स्ट्रेन भरवशाचा ठरला आणि जाडीचा डळमळीत राहिला. हे दुखणं पुढच्या पिढ्यांनीही वारशात घेतलं.

1999 मध्ये हॉपकिन्समध्येच नाएल उस्मान आणि जेरी प्रिन्स यांच्या ‘हार्प’ पद्धतीने रेघा हाताने गिरवण्याचे तास वाचवले. पण बारकावा रेघांच्या अंतरावरच अडकून राहिला. त्याच सुमारास आलेल्या ‘डेन्स’ पद्धतीत दर पिक्सेलमध्येच सरकण्याचं माप साठवलं जातं; किंमत म्हणून निम्मा संकेत (सिग्नल) गमवावा लागतो.

आज बहुतेक ठिकाणी रेघा आखतच नाहीत. नेहमीच्या सिने, म्हणजे हलत्या चित्रांच्या, एमआरआयमध्ये संगणक स्नायूच्या आतल्या-बाहेरच्या कडा ओळखून त्यांच्या मागे जातो. याला फीचर ट्रॅकिंग म्हणतात. त्या चित्रात रक्त पांढरं आणि स्नायू सपाट राखाडी दिसतो, आत धरायला खूणच नसते. पिक्सेल दीड-दोन मिलिमीटरचा. 10 मिलिमीटरची भिंत 14 झाली तर सगळी वाढ दोन-तीन पिक्सेलांची. कड एका पिक्सेलने चुकली, तर जाडीचा स्ट्रेन 15 ते 20 अंकांनी इकडचा तिकडे होतो. घेरावर अशा चुका जागोजागी विखुरतात आणि बऱ्याचशा एकमेकींना खोडतात.

मग पिक्सेल बारीक का करत नाहीत? लांबी-रुंदी निम्मी केली की पिक्सेलच्या वाट्याला पाव संकेत येतो, चित्र खरखरीत होतं आणि पेशंटला श्वास जास्त वेळ रोखावा लागतो. धाप लागलेल्या माणसाला ते कसं जमावं? शिवाय चित्रासाठी घेतलेला काप सहसा 8 मिलिमीटर जाड असतो आणि जागचा हलत नाही, तर हृदयाचा वरचा भाग दर ठोक्याला सेंटिमीटरहून अधिक खाली उतरतो. म्हणजे वरच्या कापात ठोक्याच्या शेवटी दिसणारा स्नायू सुरुवातीचा नसतोच!

या बारकाव्यांचं मोल पेशंटच्या बाबतीत कळतं. केमोथेरपीच्या काही औषधांनी हृदय दुबळं होऊ लागतं, तेव्हा हृदयातून बाहेर पडणाऱ्या रक्ताचं प्रमाण घटण्याआधी लांबीचा स्ट्रेन उतरू शकतो. उणे 20 वरून उणे 17 आला, तरी डॉक्टर सावध होतात. एवढे तीनच अंक. ते स्नायूमुळे बदलले की दुसऱ्या मशीनमुळे, जाड पिक्सेलमुळे की वेगळ्या सॉफ्टवेअरमुळे, हे ओळखायचं तर मागच्या तपासणीची सीडी सोबत न्यावी आणि मशीनवरच्या तंत्रज्ञाने आधीचं पिक्सेलचं माप बघूनच पेशंटला आत घ्यावं.