आधी कोळसा पाहा

उतईहून बोलतोय. आपली ही मालिका पुण्या-नागपुरापासून इंदूर-बडोद्यापर्यंत ऐकली जाते, म्हणून पत्ता सांगतो: छत्तीसगडचा दुर्ग जिल्हा, भिलईच्या दक्षिणेला. इथून सिव्हिक सेंटरमधली नेहरू आर्ट गॅलरी फार लांब नाही. ती भिलई स्टील प्लांटनं चालवलेली आहे, त्यामुळे कामावरून सुटलेला माणूसही वाटेत डोकावू शकतो.

आजचा विषय असा. एकाच भिंतीवर कोळशाची रेखाटनं आणि रंगीत चित्रं शेजारी शेजारी लावलेली असतात. अशा प्रदर्शनात आपण काय करतो? रंगीत चित्रासमोर थांबतो, फोटो काढतो, आणि काळ्या कागदांवरून नजर फिरवून पुढे सरकतो. ‘ही तर पूर्वतयारी’ असं मनात म्हणतो. माझं म्हणणं आहे की इथेच आपण अर्धं प्रदर्शन गमावतो. आणि ही सवय आजची नाही, तिला इतिहास आहे.

पहिल्यांदा कोळशाबद्दल. भिलईत ‘कोळसा’ म्हटलं की दगडी कोळसा आठवतो. त्याचा कोक करून भट्टीत घालतात. 4 फेब्रुवारी 1959 रोजी राष्ट्रपती राजेंद्रप्रसादांनी इथल्या पहिल्या झोतभट्टीचं उद्घाटन केलं, तेव्हापासून हे गाव त्यावरच चालतं. पण त्याच्या कितीतरी आधीपासून याच मुलखातले अगरिया लोक सालाच्या लाकडाचा कोळसा वापरून लहान मातीच्या भट्टीत लोखंड गाळत होते. चित्रकाराचा चारकोल हा त्या लाकडी कोळशाचाच भाऊ. विलो किंवा द्राक्षवेलीच्या काड्या हवा न लागू देता तापवायच्या, की झाली कांडी तयार. इ. स. 1400च्या सुमारास चेन्निनो चेन्निनी या इटालियन चित्रकारानं लिहिलेल्या पुस्तकात ही कृती आहे. चुकलेली रेघ पिसानं झटकून टाका, असंही तो सांगतो.

ही ‘झटकून टाकता येणं’ महत्त्वाची गोष्ट आहे. चारकोलमध्ये डिंक नाही, तेल नाही. कागदाच्या खरखरीत पोतात अडकलेली ती नुसती काळी पूड असते. कापडानं पुसली तर जाते, पण पूर्ण जात नाही. मागे करडी सावली उरते. म्हणून चित्रकाराचा हात आधी कुठे होता आणि नंतर कुठे गेला, खांदा दोनदा खाली का आणला, हे कोळशाच्या चित्रात दिसत राहतं. तैलरंगात नवा थर जुन्या थराला झाकतो.

आपल्याकडच्या चित्रशाळांत कोळसा होता, पण पडद्यामागे. मुघल आणि राजपूत चित्रकार हरणाच्या पातळ कातड्यावर आकृती उतरवून घेत. त्याला चरबा म्हणत. रेघांवर सुईनं भोकं पाडायची आणि कोळशाच्या पुडीची पुरचुंडी वरून थोपटायची, की खालच्या कागदावर ठिपक्यांची आकृती उमटते. आपल्या आज्या भरतकामाचा नमुना टोचलेल्या कागदावरून कापडावर उतरवत, तीच युक्ती. चित्र पूर्ण झालं की ठिपके रंगाखाली गेले. कोळशाचं काम संपलं.

1857 साली मुंबईत सर जमशेटजी जिजीभाईंच्या देणगीतून जे. जे. स्कूल ऑफ आर्ट उभं राहिलं आणि रेखाटन हा शिकण्याचा पाया झाला. पद्धत लंडनच्या साउथ केन्सिंग्टनची. आधी छापील नमुन्यांवरून रेघा, मग प्लॅस्टरच्या पुतळ्यांवरून छायाप्रकाश. जिवंत विवस्त्र मॉडेल समोर बसवून रेखाटन करण्याचा वर्ग कॅप्टन ग्लॅडस्टन सॉलोमन 1919 साली प्रमुख म्हणून आल्यानंतर सुरू झाला. म्हणजे साठ वर्षं विद्यार्थ्यांनी माणूस शिकला तो मुख्यतः पुतळ्यावरून. पण या सगळ्या काळात रेखाटनाची जागा ठरलेली होती: ते वर्गात करायचं, तपासून घ्यायचं आणि गुंडाळून ठेवायचं. प्रदर्शनात आणि दिवाणखान्यात जायचं ते रंगीत चित्र. आपली सवय इथे पक्की झाली.

आता आबालाल रहिमान यांची गोष्ट ऐका. कोल्हापूरचा हा चित्रकार जे. जे.मध्ये शिकला आणि 1888 साली व्हाइसरॉयचं सुवर्णपदक घेऊन बाहेर पडला. मुंबईत राहून नाव कमवायचं सोडून तो कोल्हापूरला परतला. शाहू महाराजांनी त्याला दरबारी चित्रकार केलं. कोटितीर्थाच्या तळ्याकाठी राहून त्यानं पाण्याची, झाडांची, सकाळ-संध्याकाळच्या उजेडाची असंख्य चित्रं काढली. 6 मे 1922 रोजी महाराज गेले. त्या दुःखात आबालालनं आपली चित्रं स्वतःच नष्ट केली असं कोल्हापुरात सांगितलं जातं. 1931 साली तो गेला, तेव्हा हाती उरलेलं काम थोडं होतं.

मग त्याच्या हाताची ताकद आज आपल्याला कशावरून कळते? मोठा पुरावा आहे तो विद्यार्थीदशेतल्या रेखाटनांचा. ती जे. जे.च्या संग्रहात राहिली, म्हणून वाचली. ज्या कागदांना ‘अभ्यास’ म्हणून बाजूला ठेवलं, त्यांनीच चित्रकाराची साक्ष दिली. प्रौढ वयातली निसर्गचित्रं आणि ही रेखाटनं शेजारी ठेवली की कळतं, पाण्यावरच्या उजेडाचा तो नाजूकपणा कुठल्या शिस्तीतून आला होता.

हा धागा महाराष्ट्राबाहेरही गेला. इंदूरला दत्तात्रय दामोदर देवळालीकरांनी 1927 साली कलाशाळा उभी केली. तिथून नारायण श्रीधर बेंद्रे, विष्णू चिंचाळकर आणि मकबूल फिदा हुसेन यांच्यासारखी मंडळी बाहेर पडली. बेंद्र्यांनी 1933 साली मुंबईची सरकारी पदविका घेतली आणि 1950 साली बडोद्याच्या महाराज सयाजीराव विद्यापीठात चित्रकला विभागाची धुरा उचलली. इंदूर, मुंबई, बडोदा: तीन ठिकाणं, आणि रेखाटनाची तीच शिदोरी. आपल्या बाजूला खैरागडला 1956 साली इंदिरा कला संगीत विश्वविद्यालय सुरू झालं. सुरुवातीच्या काळात त्याचे कुलगुरू होते संगीतातले पंडित श्रीकृष्ण नारायण रातंजनकर. आज तिथे चित्रकलाही शिकवतात. 1956पर्यंत आपल्या या भागाची राजधानी नागपूर होती, हे लक्षात घेतलं तर मराठी माणसांची ही ये-जा नवलाची वाटत नाही.

रेखाटनाला रंगचित्राच्या बरोबरीनं भिंतीवर मान मिळण्याचं अलीकडचं उदाहरण म्हणजे सुधीर पटवर्धन. 1949 साली पुण्यात जन्म, तिथेच वैद्यकीय शिक्षण, मग ठाण्यात अनेक वर्षं रेडिओलॉजिस्ट म्हणून काम. एक्स-रे वाचणारा हा माणूस गिरणगाव, लोकल, इराण्याचं हॉटेल रंगवत राहिला. 2019-20च्या हिवाळ्यात मुंबईच्या राष्ट्रीय आधुनिक कला संग्रहालयात त्यांचं सिंहावलोकन भरलं, तेव्हा मोठ्या कॅनव्हासांसोबत रेखाटनंही होती. अशा वेळी दिसतं की माणसाच्या शरीरातला थकवा आधी रेघेनं शोधला जातो, रंग नंतर येतो. याच पटवर्धनांनी 2008-09 साली समकालीन चित्रकारांच्या मूळ कृतींचं एक फिरतं प्रदर्शन महाराष्ट्रातल्या निरनिराळ्या शहरांत नेलं होतं. मूळ कृती का न्यायच्या? कारण छापील पानावर किंवा मोबाइलवर चारकोलचा काळा रंग नुसता काळा दिसतो. पूड कुठे दाबली, कुठे बोटानं पसरवली, कुठे कागद तसाच उघडा ठेवला, हे समोर उभं राहिल्याशिवाय कळत नाही.

म्हणून पुढच्या वेळी अशा दालनात गेलात तर एवढं करा. आधी कोळशासमोर उभे राहा. पुसलेल्या रेघा शोधा. एखादा हात दोन जागी दिसला तर तो का हलवला याचा विचार करा. मग शेजारच्या रंगीत चित्रात तो हात कुठे आहे ते बघा. कधी चित्रकारानं पहिल्या विचाराकडे परत वळणं पसंत केलेलं दिसेल. कधी एक अख्खी आकृती गायब झालेली सापडेल. रंगचित्रात झालेला निर्णय असतो, रेखाटनात त्यामागची घालमेल दिसते.

आणि एक काम घरचं. मराठी घरांत माळ्यावर, पलंगाखाली जुन्या कागदांच्या गुंडाळ्या असतात. कुणा काकांच्या, आत्याच्या, एलिमेंटरी-इंटरमिजिएटच्या परीक्षेच्या किंवा कलाशाळेतल्या. घर बदलताना फ्रेममधलं चित्र सोबत येतं आणि गुंडाळी रद्दीत जाते. ती टाकू नका. चारकोलचा काळा रंग उजेडानं उडत नाही. त्याचा शत्रू म्हणजे घासणं, ओल आणि वाळवी. कागद हळूच सपाट करा, दोन कागदांमध्ये बटर पेपर ठेवा, कोरड्या जागी आडवे ठेवा. लॅमिनेशन करू नका. प्लॅस्टिकच्या पिशवीतही घालू नका, प्लॅस्टिकच्या स्थिर विजेनं पूड खेचली जाते. फ्रेम करायचीच असेल तर काच आणि चित्र यांच्यात माउंटचं अंतर ठेवायला सांगा. मागच्या बाजूला पेन्सिलनं, हलक्या हातानं, नाव, गाव आणि साल लिहा.

आबालालची रेखाटनं वाचली कारण एका संस्थेनं ती फेकली नाहीत. आपल्या घरातल्या गुंडाळीला अशी संस्था नाही, तिला आपणच आहोत. तुमच्याकडे असे कागद असतील तर घरातल्या मोठ्या माणसांना विचारून कुणी, कधी, कुठे काढले ते या आठवड्यातच लिहून ठेवा. भेटू पुढच्या भागात.