वाटणीआधीची भिंत

मराठी साहित्यातला वाडा जणू पडण्यासाठीच बांधलेला असतो, असे वाटावे इतकी त्याची पडझड आपण वाचली आहे. समीक्षेने त्या पडझडीला सरंजामी व्यवस्थेच्या ऱ्हासाचे प्रतीक म्हटले. ते चूक नाही. पण वाडा इतक्या चटकन प्रतीक म्हणून वाचला की एक साधा प्रश्न विचारायचा राहून जातो: गळणारे माळवद कोणी वेळेवर दुरुस्त का केले नाही? पैसा नव्हता, हे उत्तर पुष्कळदा खरे असते. पुरेसे मात्र नसते. उत्तराचा दुसरा अर्धा भाग आम्हांला मालकीच्या स्वरूपात दिसतो. (पुण्यातल्या कित्येक वाड्यांबाबत हा प्रश्नच उरला नाही, १२ जुलै १९६१ च्या पानशेतच्या पुराने तो परस्पर निकालात काढला.)

कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात, सहाव्या विक्रमादित्याच्या काळी, विज्ञानेश्वराने याज्ञवल्क्यस्मृतीवर 'मिताक्षरा' ही टीका लिहिली. वडिलोपार्जित संपत्तीत मुलाचे स्वत्व जन्मतःच निर्माण होते, हा तिचा सिद्धान्त. जीमूतवाहनाच्या 'दायभागा'ने, जो बंगालमध्ये प्रमाण ठरला, ते स्वत्व वडिलांच्या मृत्यूनंतरचे मानले. महाराष्ट्रात मिताक्षरा आणि तिच्या जोडीला नीलकंठ भट्टांचा सतराव्या शतकातला 'व्यवहारमयूख' चालत आला. धर्मशास्त्राचा हा वाद विद्यार्थ्यांना रुक्ष वाटतो. तो घरात आणून पाहिला की रुक्ष राहत नाही. मिताक्षरेच्या घरात वाटणी होईपर्यंत प्रत्येक भाऊ साऱ्या वाड्याचा मालक असतो, आणि एकाही खोलीचा नसतो. मुलगा जन्मला की हिस्सा आकसे, चुलता निपुत्रिक गेला की वाढे. कोनाडा कोणाचा, हे मात्र ठरत नाही.

ज्या वस्तू वाटायच्या नाहीत त्यांची एक यादी मनुस्मृतीत आहे, आणि तिच्यात पाणी आहे. 'प्रचार' असाही एक शब्द आहे. मिताक्षरेने त्याचा अर्थ घरात वा बागेत येण्याजाण्याची वाट असा लावला. विहिरीचे मोल करून तुकडे पाडू नयेत, पाळीपाळीने पाणी घ्यावे, असेही तिने सांगितले. विसाव्या शतकातले कोणतेही वाटणीपत्र काढून पाहावे. चतुःसीमा संपल्या की विहीर सामाईक, दिंडीची वाट सामाईक, जिन्याची वहिवाट सामाईक, हे येतेच. लिहिणाऱ्या कारकुनाने विज्ञानेश्वराचे नाव ऐकले असेलच असे नाही.

वाड्याची बांधणीही या मालकीला सोयीची होती. भार लाकडी खांबांवर आणि तुळयांवर. घराचे माप खणांत. दोन खांबांच्या मधला गाळा विटांनी भरला की एका सोप्याचे दोन होत. पण सहसा भिंतीच्या आधी चूल येई. माजघराच्या कोपऱ्यात दुसरी चूल मांडली गेली की घरच्या भाषेत भाऊ 'वेगळे' झाले. न्यायालयांनी मात्र वेगळी चूल हा एकटा विभक्तपणाचा पुरावा मानला नाही. घर एक समजत होते, कायदा दुसरे. आणि या दोहोंमधल्या जागेत माणसे तीस-तीस वर्षे राहिली.

या जागेत दुरुस्तीचे काय होई? एका भावाने पदरचे पैसे घालून सामाईक घरात खोली काढली, तर तेवढ्याने ती त्याची होत नाही. म्हणून घरात राहणारा भाऊ हात आखडतो: मी खर्च करायचा आणि वाटा सर्वांना द्यायचा. पण प्रत्यक्ष वाटणीच्या वेळी, इतरांचे नुकसान होत नसेल तर, ज्याने बांधले त्याच्याच पदरात तो भाग टाकण्याकडे न्यायालयांचा कल असतो. नियम न्याय्यच आहे. त्यामुळे परगावी नोकरी करणाऱ्या भावाला मात्र प्रत्येक नव्या विटेत दावा दिसतो, आणि तो पत्र लिहून काम थांबवतो. दोघांचेही भय खोटे नाही. मग घरात होतात ते बदल उद्या काढून टाकता येण्याजोगे: पत्र्याचा आडोसा, प्लायवूडचे पार्टिशन, कपाट आडवे लावून केलेली भिंत. तुळईला वाळवी लागलेली असते. ती बदलायला सर्वांची संमती लागते.

महेश एलकुंचवारांच्या 'वाडा चिरेबंदी'मध्ये (१९८५) मुंबईचा सुधीर आणि वाड्यातला भास्कर यांच्यातला ताण या कायद्याच्या अंगाने वाचावा, असे आम्ही सुचवतो. अंगणातल्या बंद ट्रॅक्टरवर पुष्कळ लिहिले गेले. अविवाहित प्रभाच्या वाट्याला काय येत होते, हे तितकेसे विचारले गेले नाही. १९५६ च्या हिंदू उत्तराधिकार कायद्याने मुलीला वडिलांच्या हिश्श्यात वारसा दिला खरा, पण त्याच्या तेविसाव्या कलमाने कुटुंबाच्या राहत्या घराला अपवाद केला. पुरुष वारस वाटणी करायला तयार होईपर्यंत मुलीला त्या घराची वाटणी मागता येत नव्हती. अविवाहित, विधवा, परित्यक्ता वा नवऱ्यापासून वेगळी झालेली असेल तर ती तिथे राहू शके, एवढेच. भाऊ पत्रे लिहून एकमेकांचे काम अडवू शकत होते. बहिणीला भिंत पाडाही म्हणता येत नव्हते आणि बांधाही. नाटककाराने हे कलम वाचले होते की नाही, हा प्रश्न गौण आहे. नाटकातले घर त्या कलमाखाली उभे होते.

महाराष्ट्राने १९९४ साली मुलींना जन्मसिद्ध हिस्सा दिला. आधी लग्न झालेल्या मात्र वगळल्या. तेविसावे कलम गेले ते २००५ च्या दुरुस्तीने. त्याच दुरुस्तीने देशभरच्या मुलींना मिळालेला जन्मसिद्ध हक्क वडील तेव्हा हयात होते की नव्हते यावर अवलंबून नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने २०२० साली स्पष्ट केले. आता वाड्याच्या जागी इमारत उठवायची तर बिल्डरच्या कागदांवर बहिणींच्या सह्या लागतात. त्या आधी बहुधा दुसरा एक कागद पुढे येतो, हक्कसोडपत्राचा. तो चहा झाल्यावर, माजघरातच, सही करायला दिला जातो.