कुरमुऱ्यांच्या लाडवांचे वर्ष

आमच्या दादरच्या चाळीत नरकचतुर्दशीचे अभ्यंगस्नान आटोपले की पोराटोरांच्या वाट्याला पहिले काम येई ते ताटल्या पोचविण्याचे. ताटलीत दोन करंज्या, दोन लाडू, चार चकल्या आणि मूठभर चिवडा. वर क्रोशाचा रुमाल. "सांडू नकोस, आणि वाटेत उष्टावू नकोस," एवढा उपदेश कानांवर पडेपर्यंत आम्ही गॅलरीचे टोक गाठलेले असायचे. ताटली रिकामी परत यायची नाही. समोरच्या घराने आपला फराळ घालावा. नाहीच काही तर निदान चिमूटभर साखर. हा नियम कोणी लिहून ठेवला नव्हता. पण चाळीच्या लिहिलेल्या नियमांपेक्षा तो पुष्कळच अधिक पाळला जाई.

पुढे इतिहास वाचण्याचा नाद लागला, तेव्हा ध्यानात आले की या ताटलीचीही एक बखर आहे. तिच्यात लढाया नाहीत. तेल, तूप, साखर आणि गूळ यांच्या टंचाया आहेत.

दादरची वस्तीच मुळी एका संकटातून वाढली. १८९६ साली मुंबईत प्लेग आला. दाटीवाटीच्या शहराला मोकळी हवा मिळावी म्हणून १८९८ साली इंप्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि त्याच्या आखणीतून दादर-माटुंग्याचे रस्ते व वसाहती उभ्या राहिल्या. पुढे १९२० नंतर नायगावला बी.डी.डी. चाळी झाल्या, एकेक खोली १६० चौरस फुटांची. कोकणातला, घाटावरचा, कोल्हापूरकडचा माणूस एकाच जिन्याने चढउतार करू लागला. गावी ताटली जायची ती बहुधा नात्यागोत्यात. इथे ती शेजारधर्माने फिरू लागली. आमच्या घरची ओल्या नारळाची करंजी घाटावरच्या शेजारणीला नवी, आणि तिचा जाळीदार अनारसा आम्हाला नवा. एकमेकांच्या स्वयंपाकघरांची ओळख पुस्तकांनीही करून दिली म्हणा. लक्ष्मीबाई धुरंधरांचे 'गृहिणीमित्र' १९१० सालापासून घरोघर होतेच. पण पुस्तकातला अनारसा कढईत विरघळला तर शेजारीण लागतेच!

मग तुपाची कथा. साजूक तूप पगारदार माणसाच्या आवाक्यात कधीच फारसे नव्हते. १९३२ साली आमच्या जवळच शिवडीला वनस्पती तूप निघू लागले आणि १९३७ साली 'डालडा' हे नाव आले. सोवळ्या घरांनी आधी नाके मुरडली. माझी आजी त्याला शेवटपर्यंत 'ते' म्हणे, नाव घेत नसे. पण शंकरपाळ्यांचे मोहन त्याच 'ते'चे असे. रिकाम्या डब्यात चिवडा भरला जाई, आणि डबा गंजला की त्यात तुळस लागे.

१९४३ सालच्या मे महिन्यात मुंबईत रेशनिंग सुरू झाले. साखर कार्डावर आली. आजी सांगे, त्या दिवाळीसाठी आमच्या घरात महिनाभर चहात गूळ पडला आणि वाचलेली साखर बरणीत गेली. तरी ती पुरली नाहीच. मग पाकातल्या लाडवांच्या जागी गुळपापडी आली आणि चिवड्याचा मान वाढला. चिवडा हा गरिबाचा मोठा मित्र. पातळ पोहे उन्हात तापवावेत, कोरडेच भाजावेत, म्हणजे तेल फक्त फोडणीपुरते लागते. शेंगदाणे, डाळे, सुक्या खोबऱ्याचे चार काप, कढीलिंब, मिरची, आणि शेवटी किंचित पिठीसाखर. पसाभर पोह्यांत चार घरच्या ताटल्या भरतात. त्याआधी कोपऱ्यात बसणारा हा पदार्थ त्या वर्षांत ताटलीच्या मधोमध आला, आणि तिथून तो अजून हललेला नाही.

१९७२ साली पुन्हा तीच गत झाली. दुष्काळ, रवा नाही, तेल नाही, रॉकेल नाही. मृणाल गोरे, अहिल्या रांगणेकर, प्रमिला दंडवते यांच्या महागाई प्रतिकार संयुक्त महिला समितीने बायकांच्या हाती लाटणी देऊन मोर्चे काढले. आमच्या चाळीतल्याही काही जणी गेल्या होत्या. करंजी लाटण्याचे लाटणे असे रस्त्यावर उतरलेले चाळीने प्रथमच पाहिले.

पण मला सांगायचे आहे ते १९८२ सालाबद्दल. तेव्हा मी बारा वर्षांचा होतो. त्या वर्षी १८ जानेवारीला गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार घरी बसले. त्याची ठिणगी पडली होती १९८१ च्या दिवाळीच्या बोनसवरूनच. आमच्या समोरच्या खोलीतले काका साच्यावर होते. वडील सरकारी कचेरीत कारकून, म्हणून आमचा पगार चालू. नोव्हेंबर उजाडला तेव्हा त्या खोलीत दहा महिने पगार आला नव्हता. काकूंच्या हातातल्या पाटल्या केव्हाच गेल्या होत्या.

आता ताटली पाठवायची की नाही? पाठवावी, तर ती भरून परत करण्याचे ओझे त्यांच्यावर. न पाठवावी, तर दारासमोरच्या घराला वगळल्यासारखे. एका रात्री मी जागाच होतो, आई वडिलांना म्हणाली, "दान नकोय हो त्यांना. ताटलीला ताटली देता आली पाहिजे."

दुसऱ्या दिवशी नळावर तिने जाहीर केले, "यंदा माझ्याच्याने तळण होणार नाही बाई. गुडघे धरलेत." आईचे वय तेव्हा पस्तीस. गुडघे ठणठणीत. पण ऐकणाऱ्या चौघीही शहाण्या होत्या. दोन दिवसांत आमच्या मजल्यावरच्या निम्म्या बायकांचे गुडघे धरले. मी चकलीसाठी थयथयाट केला, मार खाल्ला.

त्या दिवाळीत आमच्याकडे कुरमुऱ्यांचे लाडू झाले. चार वाट्या कुरमुऱ्यांना वाटीभर चिरलेला गूळ आणि चमचाभर तूप. गूळ मंद विस्तवावर विरघळवायचा, फेस आला की थेंब गार पाण्यात टाकून पाहायचा. गोळी वाटीवर आपटून टण् वाजली की पाक झाला. मग कुरमुरे ओतायचे आणि हाताला पाणी लावून, चटके सोसत भराभर वळायचे. क्षणभर रेंगाळलात की सगळे कढईला चिकटते! पैशाने स्वस्त आणि दिसायला भरगच्च असा दुसरा लाडू मला ठाऊक नाही.

मीच ताटली घेऊन गेलो. काकूंनी रुमाल उचलला, लाडवांकडे बघितले, मग माझ्याकडे. काही बोलल्या नाहीत. संध्याकाळी त्यांची मुलगी ताटली घेऊन आली. तिच्यातही कुरमुऱ्यांचेच लाडू. पण गूळ जरा काळा आणि आत सुंठ व भाजलेले तीळ. आईच्या लाडवांपेक्षा ते सरस होते. आईने ते तिथल्या तिथे मान्य केले आणि सुंठेचे प्रमाण विचारायला स्वतः समोर गेली. बराच वेळ दोघी दारात बोलत उभ्या होत्या.

संप रीतसर मिटला असा दिवस कधी आलाच नाही. कित्येक गिरण्या पुन्हा पुरत्या सुरू झाल्या नाहीत. दादरच्या कोहिनूर मिलच्या जागी आज उंच इमारत आहे. १९८३ च्या उन्हाळ्यात काका-काकू साताऱ्याकडे गावी गेले ते गेलेच. आता दादरच्या दुकानांतून फराळाचे डबे थेट अमेरिकेला जातात. वजन करून, पावती फाडून. जावोत बापडे.

त्या संध्याकाळी मुलीने लाडू आणले होते ते त्यांच्याच ताटलीतून. आमची त्यांच्याकडे राहिली, त्यांची आमच्याकडे. उद्या बदलू, परवा बदलू, असे म्हणता म्हणता राहून गेले. ताटली स्टीलची आहे, काठाला थोडी चेपलेली. मागच्या बाजूला टिंबाटिंबांनी काकांचे नाव आणि खोली नंबर सतरा कोरलेला आहे. यंदा तीच घेऊन माझी नात शेजारच्या ब्लॉकमध्ये गेली होती.