मॉलीच्या नावावरचं तेल



खुनाची गोष्ट म्हटली की आपण कान टवकारतो. कोणी मारलं, कशासाठी मारलं, हे कळल्याशिवाय जागचं उठवत नाही. आज मी अशीच एक गोष्ट सांगणार आहे. जमिनीच्या पोटात मोलाचं खनिज सापडतं आणि मग एकाच घरातल्या बायका एकेक करून मरू लागतात. ऐकताना कादंबरी वाटेल, पण हे खरोखर घडलेलं आहे. अमेरिकेतल्या ओक्लाहोमा राज्यात, शंभर वर्षांपूर्वी.

तिथे ओसेज नावाची आदिवासी जमात आहे. गोऱ्या लोकांनी त्यांना रेटत रेटत मागे नेलं. शेवटी कॅन्ससमधलं राहतं ठिकाणही सुटलं. तेव्हा, १८७०च्या दशकात, त्यांनी चेरोकी जमातीकडून साधारण १५ लाख एकर जमीन पैसे मोजून विकत घेतली. जमीन खडकाळ, नांगराला दाद न देणारी. इथे तरी आपल्या मागे कोणी येणार नाही, असा त्यांचा विचार.

१९०६ मध्ये सरकारने त्या जमिनीच्या वाटण्या केल्या. ओसेज पुढाऱ्यांनी तेव्हा एक शहाणपणाची अट घालून घेतली. वरची जमीन वाटली तरी खालचं तेल, वायू, खनिज सगळ्या जमातीचं मिळून राहील. यादीत २,२२९ नावं होती. बाई असो, पुरुष असो की लहान पोर, खनिजाच्या उत्पन्नात प्रत्येकाला सारखा हिस्सा. त्या हिश्शाला ‘हेडराइट’ म्हणत. तो विकता येत नसे, फक्त वारसाने मिळे. हे ध्यानात ठेवा, कारण पुढचं सगळं रहस्य इथेच आहे.

त्या खडकाखाली तेलाचे मोठे साठे निघाले. एकट्या १९२३ सालात जमातीला ३ कोटी डॉलरहून जास्त उत्पन्न मिळालं. ओसेज माणसं त्या काळी जगातल्या श्रीमंत लोकांत गणली जात. पण पैसा त्यांचा आणि किल्ली दुसऱ्याची. पूर्ण ओसेज रक्ताच्या माणसाला व्यवहार कळत नाही असं धरून त्याच्यावर पालक नेमला जाई. मोठ्या, लेकुरवाळ्या बाईवरसुद्धा! पालक बहुतेक वेळा गावातलाच गोरा वकील किंवा व्यापारी. स्वतःच्या पैशातून बारीकसारीक खरेदी करायची तरी त्याला विचारायचं. यात किती पालकांनी हात धुऊन घेतले असतील, ते सांगायला नको.

अशाच एका घरात चार बहिणी होत्या. मॉली, अ‍ॅना, मिनी आणि रीटा. आईचं नाव लिझी. मॉलीने १९१७ मध्ये अर्नेस्ट बर्कहार्ट या गोऱ्या तरुणाशी लग्न केलं. तो आधी गाडी हाकायचा. तिची भाषा शिकला, तिच्या आजारपणात उशाशी बसला. मुलंबाळं झाली.

१९१८ मध्ये मिनी वारली. तरणीताठी बाई झिजत गेली, रोग काही कळला नाही. १९२१च्या मे महिन्यात अ‍ॅनाचं प्रेत एका ओहळात सापडलं, डोक्यात गोळी. दोन महिन्यांनी आई गेली. १९२३च्या फेब्रुवारीत त्यांच्या नात्यातल्या हेन्री रोनला त्याच्याच मोटारीत गोळी घातलेली आढळली. मार्चमध्ये मध्यरात्री रीटाचं घर स्फोटाने उडवलं. रीटा आणि घरकाम करणारी मुलगी जागीच गेल्या, रीटाचा नवरा काही दिवसांनी गेला.

आता आपण गटाच्या वहीसारखा हिशेब मांडू. मिनीचा, अ‍ॅनाचा, आईचा, रीटाचा हिस्सा कुठे वळतो? मुख्यतः मॉलीकडे. आणि मॉलीला काही झालं तर? तिच्या नवऱ्याकडे.

गावातले डॉक्टर, पोलीस, अधिकारी यांच्यापैकी कोणाच्या तपासातून काही निघेना. शेवटी जमातीने ठराव करून केंद्र सरकारकडे मदत मागितली. १९२५ मध्ये टॉम व्हाइट या अधिकाऱ्याकडे तपास आला. त्याची माणसं वेश पालटून गावात राहिली. कोणी गुरांचा व्यापारी झाला, कोणी विमा एजंट. माग पोचला विल्यम हेलपाशी. हा अर्नेस्टचा सख्खा मामा. गावात मोठा मान, ओसेजांचा कैवारी म्हणवणारा. अ‍ॅनाचा खुनी शोधून काढू, असा मॉलीला शब्द यानेच दिला होता. हेन्री रोनच्या तिरडीला खांदाही दिला होता, आणि त्याच हेन्रीचा २५ हजार डॉलरचा विमा स्वतःच्या नावे उतरवून ठेवला होता.

तोवर मॉलीही खंगत चालली होती. तिला मधुमेह होता, पण औषधाने प्रकृती सुधारण्याऐवजी ढासळत होती. आपला जीव धोक्यात आहे, असा निरोप तिने गुपचूप आपल्या धर्मगुरूला धाडला. घरापासून आणि त्या डॉक्टरांपासून दूर नेल्यावर ती बरी होऊ लागली.

१९२६ मध्ये अर्नेस्टने गुन्हा कबूल केला आणि त्याला जन्मठेप झाली. हेलला १९२९ मध्ये झाली. मॉलीने घटस्फोट घेतला, पुन्हा लग्न केलं, आणि १९३१ मध्ये कोर्टाने तिच्यावरचं पालकत्व उठवलं. चाळिशी उलटल्यावर तिला स्वतःचा पैसा स्वतः खर्च करायची मोकळीक मिळाली. पुढे सहाच वर्षांनी ती वारली. त्या काळात दोन डझनांहून जास्त ओसेज माणसं अशी मारली गेली, आणि कितीतरी खुनांचा तपास लागलाच नाही. मात्र १९२५ मध्येच कायदा बदलला होता. निम्मं किंवा त्याहून जास्त ओसेज रक्त असलेल्या माणसाचा हिस्सा बाहेरच्याला वारसाने मिळणं बंद झालं.

ही गोष्ट मी एका गटाच्या बैठकीत सांगितली, तेव्हा एक आजी म्हणाल्या, “अगं, पण त्या नवऱ्याला कमी काय होतं? बायकोच्याच पैशावर जगत होता ना?”

मी रात्री बराच वेळ त्यावर विचार केला. आजींचं खरं होतं. त्याला खायला, ल्यायला, फिरायला काही कमी नव्हतं. फक्त कागदावर नाव तिचं होतं, आणि तेच त्याच्या मामाला खुपत होतं. जमातीने नाव लावून घेतलं, हे मोठंच काम झालं. पण नावामागचा कारभार कितीतरी वर्षं मॉलीच्या हाती आलाच नाही. किती आले, कुठे गेले, आपल्यामागे कोणाला मिळणार, हे तिच्याशिवाय सगळ्या गावाला ठाऊक होतं.

आपल्या गावात तेल नाही, बायांनो. पण पासबुक आहे, विमा आहे, कोणाच्या नावावर अर्धा एकर आहे. पुढच्या बैठकीला येताना प्रत्येकीने एवढंच बघून यायचं: कागदावर आपलं नाव कुठे आहे, वारस म्हणून कोणाचं आहे, आणि तो कागद ठेवलाय कोणाच्या पेटीत. वाचता येत नसेल तर आणा, मिळून वाचू.