हवा उतरते कुठून?

आळेफाट्याहून ओतूरकडे निघालात की वाटेत पिंपरी पेंढार लागते. कल्याण-नगर रस्त्यावरचे हे गाव. माळशेज उतरून कल्याणकडे जाणारे कांद्याचे ट्रक इथूनच जातात. या रस्त्याच्या कडेला माझ्या मामूंचे पंक्चरचे दुकान होते. बी.ए.च्या सुट्ट्यांत मी तिथे हवा भरायला बसे. कविता तिथे सुचल्या असे म्हणणे खोटे ठरेल. कान मात्र तिथे तयार झाला.

मामूंच्या लेखी गिऱ्हाइके दोन प्रकारची. टायरात खिळा घेऊन येणारी आणि ‘रात्री भरली, सकाळी निम्मी’ असे सांगणारी. दुसऱ्यांना ते आधी चहा पाजत, कारण काम लांबणार हे ठरलेले.

अनेक तुकड्यांचे चाक आपल्याला नवे नाही. बैलगाडीच्या चाकात मधे तुंबा, त्यात आरे, त्यांवर लाकडी पुठ्ठे आणि बाहेरून लोखंडी धाव. धाव तापवून चढवायची आणि वर पाणी ओतायचे. लोखंड आकसले की सगळे सांधे आवळले जात. त्या चाकात हवाच नव्हती, मग गळती कुठली?

हवेच्या टायरचे पेटंट स्कॉटलंडच्या रॉबर्ट थॉमसनने १८४५ मध्ये घेतले आणि जग ते विसरले. १८८८ मध्ये बेलफास्टमधले पशुवैद्य जॉन डनलॉप यांनी मुलाच्या तीनचाकीसाठी तेच पुन्हा शोधले. पुढे थॉमसनचे जुने कागद निघाले आणि डनलॉपचे पेटंट टिकले नाही. १८९५ च्या पॅरिस-बोर्दो शर्यतीत मिशेलिन बंधूंनी हवेच्या टायरांवर मोटार पळवली, वाटेत पंक्चर काढत काढत.

ट्रकच्या टायरची कड इतकी ताठ, की अखंड रिंगवरून ती ओढून चढवणे कठीण. म्हणून रिंगच तुकड्यांत केली : रिम, साइड रिंग आणि वरून लॉक रिंग. सांधे असले तरी बिघडत नसे, कारण हवा ट्यूबमध्ये. भीती होती ती वेगळीच. लॉक रिंग खाचेत नीट बसली नसेल, तर हवा भरताना ती गोळीसारखी सुटते. अमेरिकेत १९८० मध्ये नियमच झाला, की असे चाक पिंजऱ्यात किंवा तशाच अडसराआड ठेवून हवा भरावी. मामूंकडे पिंजरा नव्हता, साखळी होती. एका पावसाळ्यात ड्रायव्हर घाई करत होता, म्हणून त्यांनी साखळी गुंडाळली नाही. डाव्या हाताची दोन बोटे गेली. मी चार हातांवर उभा होतो.

काही वर्षांपूर्वी माळशेजचा पाऊस पाहून परतणारा एक तरुण दुकानाशी थांबला. बुटकी, महागडी स्पोर्ट्स कार. मागचे चाक दर दोन दिवसांनी मऊ पडे. खिळा नाही, कट नाही. दुकान आता मामेभाऊ चालवतो. मामू बाजेवर बसून होते. व्हॉल्व्हवर साबणाचे पाणी, काही नाही. टायरच्या कडेला दोन्ही बाजूंनी पाणी, काही नाही. मग चाक काढून पाण्याच्या टाकीत आडवे ठेवले आणि सगळे गप्प बसले. बऱ्याच वेळाने एका बोल्टाजवळून मोहरीएवढा बुडबुडा वर आला. थांबला. पुन्हा एक आला.

ते चाक तीन तुकडे बोल्टांनी जोडून केलेले होते. टायर ट्यूबलेस, म्हणजे रिंग हेच हवेचे भांडे, आणि सांध्यात भरलेले सीलंट हीच काय ती तिची ट्यूब. ते एका जागी सुटले होते. वरून पुन्हा लेप देऊन भागत नाही. टायर उतरवायचा, तुकडे सुटे करायचे, जुने सीलंट खरवडायचे, नवे भरून वाळू द्यायचे आणि बोल्ट ठरल्या क्रमाने, ठरल्या जोराने आवळायचे. एवढे सामान आमच्याकडे नव्हते.

तरुण म्हणाला, “तो एक बोल्ट जरा हलवून बघा ना.” भावाने पाना उचललासुद्धा.

“पहिले हवा सोड,” मामू बाजेवरून म्हणाले. आवाज चढवला नव्हता, नुसता डावा हात वर केला होता.

भावाने पाना खाली ठेवला. चाक परत बसवले, हवा पुरती भरली आणि तरुणाला नारायणगावात थांबून पुन्हा मोजायला सांगून पुण्याच्या वाटेला लावले.