मेहेराबाद आणि पाश्चात्त्य इलेक्ट्रॉनिक संगीत : 'बाबा ओरायली' या रचनेवरील प्रभावविषयक वादाची ऐतिहासिक चिकित्सा

प्रस्तावना

अहमदनगर (२०२४ पासून अहिल्यानगर) जिल्ह्याच्या इतिहासलेखनात निजामशाही, भुईकोट किल्ला, अमेरिकन मराठी मिशनचे कार्य आणि सहकारी साखर कारखानदारी या विषयांना स्वाभाविकपणे अग्रस्थान मिळाले आहे. पाश्चात्त्य रॉक आणि इलेक्ट्रॉनिक संगीताच्या इतिहासाशीही या जिल्ह्याचा संबंध आहे, ही बाब मात्र आपल्याकडील अभ्यासकांच्या दृष्टीआड राहिली आहे. १९७१ साली 'द हू' या इंग्लिश वाद्यवृंदाची 'हूज नेक्स्ट' ही ध्वनिमुद्रिका प्रकाशित झाली. तिची सुरुवात ज्या रचनेने होते, तिचे नाव 'बाबा ओरायली'. या नावातील 'बाबा' म्हणजे नगरजवळील अरणगावच्या मेहेराबादचे मेहेरबाबा आणि 'रायली' म्हणजे अमेरिकन संगीतकार टेरी रायली. २०१२ च्या लंडन ऑलिंपिकच्या समारोप सोहळ्यात हीच रचना वाजवली गेली.

हे शीर्षक गाण्याच्या शब्दांत कोठेही येत नाही. अनेक श्रोते गाण्यात ठळकपणे ऐकू येणाऱ्या दोन शब्दांनाच त्याचे नाव समजतात. त्यामुळे शीर्षकातील या जोडनावाविषयी चाहत्यांमध्ये अर्धशतकभर वाद चालत आला आहे. रचनेची शैली कोणाची? प्रभाव कोणाचा? आणि ज्या संताशी टाउनशेंड यांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही, त्यांचे या निर्मितीतील स्थान कोणते? प्रस्तुत लेखात या वादातील प्रमुख दाव्यांची कालक्रम आणि उपलब्ध माहिती यांच्या आधारे तपासणी करण्याचा प्रयत्न केला आहे.

मेहेराबादची पार्श्वभूमी

मेरवान शेरियार इराणी यांचा जन्म २५ फेब्रुवारी १८९४ रोजी पुण्यातील एका इराणी झरतुष्ट्री कुटुंबात झाला. डेक्कन कॉलेजात शिकत असताना १९१३ मध्ये त्यांचा हजरत बाबाजान यांच्याशी संबंध आला. पुढे साकोरीचे उपासनी महाराज हे त्यांचे गुरू झाले. १९२३ मध्ये ते अरणगाव येथे आले. पहिल्या महायुद्धाच्या काळातील लष्करी छावणीच्या रिकाम्या इमारती तेथे उभ्या होत्या. त्याच जागेला मेहेराबाद हे नाव मिळाले. १० जुलै १९२५ पासून ३१ जानेवारी १९६९ रोजी मेहेराझाद येथे देह ठेवीपर्यंत त्यांनी मौन पाळले. प्रथम अक्षरफलकाच्या आणि १९५४ नंतर हाताच्या खुणांच्या साहाय्याने ते संवाद साधत.

त्यांचे मौन हे संगीताचे वर्ज्य नव्हते. तरुणपणी त्यांनी स्वतः गझला रचल्या होत्या. कव्वाली, गझल आणि भजन यांना त्यांच्या सहवासात मानाचे स्थान होते. असे असले, तरी त्यांनी कोणतीही संगीतपद्धती शिकवली नाही किंवा संगीतशास्त्रावर ग्रंथ लिहिला नाही. पुढील विवेचनात हा मुद्दा महत्त्वाचा ठरतो.

टाउनशेंड आणि मेहेरबाबा : संबंधाचा कालक्रम

'द हू'चे प्रमुख गीतकार पीट टाउनशेंड यांना १९६७ मध्ये चित्रकार माइक मॅकइनर्नी यांच्याकडून मेहेरबाबांचा परिचय झाला. मे १९६९ मध्ये 'टॉमी' ही ध्वनिमुद्रिका प्रसिद्ध झाली, तेव्हा तिच्या श्रेयनामावलीत मेहेरबाबांचा उल्लेख 'अवतार' म्हणून करण्यात आला. तत्पूर्वी चार महिने बाबांचे निर्वाण झाले होते. १९७० मध्ये टाउनशेंड यांनी 'रोलिंग स्टोन' या नियतकालिकात आपल्या श्रद्धेविषयी दीर्घ लेख लिहिला. १९७१ मध्ये 'बाबा ओरायली' आली. मेहेराबादच्या समाधीचे दर्शन त्यांनी १९७२ मध्ये घेतले.

हा क्रम ध्यानात घेतला, तर एक गोष्ट स्पष्ट होते. रचना आधी झाली आणि नगरचे दर्शन नंतर घडले. अरणगावच्या परिसरात ऐकलेल्या भजन-कव्वालीचे संस्कार या रचनेवर झाले असावेत, हे अनुमान त्यामुळे टिकत नाही.

पहिला वाद : यंत्र आणि जीवनतपशील

चाहत्यांमध्ये सर्वाधिक प्रचलित असलेली कथा अशी, की मेहेरबाबांच्या जीवनाचे आणि शरीराचे तपशील सिंथेसायझरमध्ये भरले गेले आणि त्यातून आरंभीची ती झरझर फिरणारी स्वरावली यंत्राने आपोआप निर्माण केली. या कथेचे मूळ खुद्द टाउनशेंड यांच्या कल्पनेत आहे. 'लाइफहाउस' या त्यांच्या महत्त्वाकांक्षी प्रकल्पात प्रत्येक व्यक्तीच्या तपशिलावरून तिचा स्वतंत्र स्वर शोधावा आणि अखेरीस हे सर्व स्वर एका नादात विलीन व्हावेत, अशी योजना होती. १९७१ मध्ये हा प्रकल्प सोडून द्यावा लागला आणि त्यातील गाणी 'हूज नेक्स्ट'मध्ये आली.

प्रत्यक्ष ध्वनिमुद्रणात ऐकू येते ते मात्र सिंथेसायझर नव्हे. ते लॉरी कंपनीचे घरगुती वापराचे ऑर्गन आहे. त्यात 'मरिंबा रिपीट' नावाची सोय होती. पट्टी दाबून ठेवली, की तोच स्वर जलद गतीने पुनःपुन्हा वाजत राही. टाउनशेंड यांनी ती स्वरावली हातांनी वाजवली. त्याच ध्वनिमुद्रिकेतील शेवटच्या गाण्यात लॉरी ऑर्गनचा आवाज व्हीसीएस-थ्री या सिंथेसायझरमधून फिरवला असल्याने श्रोत्यांचा गोंधळ होणे स्वाभाविक होते. म्हणजे संकल्प खरा, परंतु सिद्धीची कथा नंतर रचली गेली. तो संकल्प पुढे वेगळ्या रूपात साकारला. २००७ मध्ये टाउनशेंड यांनी गणिती संगीतकार लॉरेन्स बॉल यांच्या सहकार्याने 'लाइफहाउस मेथड' हा संगणकीय उपक्रम सुरू केला. त्यात व्यक्तीने दिलेल्या माहितीवरून तिचे सांगीतिक चित्र तयार होत असे.

दुसरा वाद : भारतीय रागसंगीताचा प्रभाव

दुसऱ्या पक्षाचे म्हणणे असे, की या रचनेतील अखंड आधारस्वर आणि आवर्तने भारतीय आहेत. त्यासाठी टेरी रायली यांच्या शिष्यत्वाचा दाखला दिला जातो. रायली हे किराणा घराण्याचे पंडित प्राणनाथ यांचे शिष्य होते. प्राणनाथ हे अब्दुल वहीद खाँ यांचे शिष्य, आणि वहीद खाँ हे मिरजेत स्थायिक झालेल्या अब्दुल करीम खाँ यांचे नातलग. सवाई गंधर्व, हिराबाई बडोदेकर आणि भीमसेन जोशी यांच्यामुळे हे घराणे मराठी रसिकाला घरचेच वाटते. त्यामुळे हा दावा मोहक आहे.

तथापि, कालक्रम येथेही आड येतो. रायली यांनी प्राणनाथांचे शिष्यत्व पत्करले ते १९७० मध्ये. त्यांची 'इन सी' ही रचना १९६४ ची आणि 'अ रेनबो इन कर्व्ह्ड एअर' ही ध्वनिमुद्रिका १९६९ ची आहे. टाउनशेंड यांच्या स्वरावलीचे साम्य आहे ते या पूर्वकाळातील रायलींशी. त्या काळातील रायलींची शैली ध्वनिफितीची वेटोळी, जॅझमधील उत्स्फूर्त वादन आणि लहान स्वरवाक्यांची पुनरावृत्ती यांतून घडली होती. त्यांचे मित्र ला माँट यंग यांनी १९५० च्या दशकात अली अकबर खाँ यांची ध्वनिमुद्रिका ऐकली होती. त्यामुळे दूरच्या, अप्रत्यक्ष प्रभावाची शक्यता नाकारता येत नाही. मात्र 'बाबा ओरायली'त किराणा घराणे आहे, असे विधान इतिहासाच्या कसोटीवर उतरत नाही.

मेहेराबादहून टाउनशेंड यांच्यापर्यंत एक सांगीतिक दुवा निश्चितपणे पोहोचलेला दिसतो, पण तो राग नाही, भजनही नाही. तो आहे कोल पोर्टर यांचे १९३५ सालचे 'बिगिन द बेगीन' हे अमेरिकन गीत. हे गीत बाबांना प्रिय होते. त्यांच्या इच्छेनुसार ते त्यांच्या समाधीच्या वेळी वाजवले गेले. बाबांच्या जन्मदिनानिमित्त १९७० मध्ये काढलेल्या 'हॅपी बर्थडे' या खाजगी ध्वनिमुद्रिकेत टाउनशेंड यांनी तेच गायले. अरणगावच्या टेकडीवरून लंडनला गेलेली चाल मुळात न्यूयॉर्कची होती. 'पूर्वेचा प्रभाव' या ठोकळेबाज कल्पनेला एवढे एक उदाहरण पुरेसे आहे.

विचाराच्या पातळीवरील प्रभावाचा माग काढताना बडोदे संस्थानाकडे वळावे लागते. 'लाइफहाउस'मागे हजरत इनायत खाँ यांच्या नादविषयक विचारांचे वाचन होते. इनायत खाँ (१८८२–१९२७) हे बडोद्याचे. सयाजीरावांच्या आश्रयाने गायनशाळा चालवणारे मौलाबक्ष हे त्यांचे मातामह. १९१० मध्ये ते पाश्चात्त्य देशांत गेले. तेथील त्यांच्या सूफी परंपरेतील एक शाखा पुढे मेहेरबाबांशी जोडली गेली आणि १९५२ मध्ये बाबांनी तिला 'सूफीझम रिओरिएंटेड' या नावाने नवी सनद दिली. समस्त सृष्टी हा एक नाद आहे आणि प्रत्येक जीव त्यातील एक स्वर आहे, ही टाउनशेंड यांची भूमिका या परंपरेशी जवळीक सांगते.

तिसरा वाद : सहयोग की समर्पण

'बाबा ओरायली'च्या अखेरीस येणारे व्हायोलिन डेव्ह आर्बस यांनी वाजवले. ती सूचना ढोलवादक कीथ मून यांची होती. हा प्रत्यक्ष सहयोग होय. मेहेरबाबा किंवा रायली यांनी या निर्मितीत भाग घेतलेला नाही. त्यांच्या बाबतीत 'समर्पण' आणि 'प्रेरणा' हेच शब्द योग्य ठरतात.

गुरूमुळे जुळलेला खरा सांगीतिक सहयोग टाउनशेंड आणि रॉनी लेन या जोडीत आढळतो. 'स्मॉल फेसेस'चे लेन हेही बाबांचे अनुयायी होते. दोघांनी बाबांच्या स्मरणार्थ काढलेल्या ध्वनिमुद्रिकांत एकत्र काम केले आणि १९७७ मध्ये 'रफ मिक्स' ही संयुक्त ध्वनिमुद्रिका सादर केली. तिच्यात यांत्रिक आवर्तने नाहीत. तिचा कल साध्या गिटारीकडे आणि लोकगीतसदृश गायकीकडे आहे. १९८८ मध्ये बॉबी मॅकफेरिन यांनी बाबांच्या भित्तिचित्रावरील चार शब्दांच्या उपदेशावरून जे गाणे केले, त्यात तर एकही वाद्य नाही. केवळ कंठस्वर आहे. एकाच प्रेरणेतून ऑर्गनची आवर्तने, गिटारीची गाणी आणि निव्वळ कंठगायन अशी तीन भिन्न शैलीची कार्ये निर्माण झाली. तेव्हा त्या प्रेरणेला शैलीचे कारण मानता येत नाही.

नगरच्या परंपरेशी तुलना

संगीत आणि श्रद्धा यांची देवाणघेवाण नगरला नवीन नाही. रेव्हरंड ना. वा. टिळक (१८६१–१९१९) यांनी नगर येथे मिशनमध्ये काम करीत असताना अभंग, भजन आणि कीर्तन हे देशी घाट ख्रिस्ती आशयासाठी वापरले. तेथे आशय बाहेरून आला होता आणि रूप येथले होते. मेहेराबादच्या बाबतीत हा व्यवहार उलट दिशेने झाला. आशय येथून गेला आणि रूप तेथले राहिले. टिळकांच्या भजनात रूपामुळे मराठी मन चटकन ओळखू येते. टाउनशेंड यांच्या रचनेत नगर ऐकू येत नाही, ते केवळ शीर्षकात उरते. श्रोत्यांचा वाद पन्नास वर्षे मिटला नाही, याचे एक कारण हेच असावे.

निष्कर्ष

१) शैली, प्रभाव आणि सहयोग हे तीन वेगवेगळे संबंध आहेत. शैली स्वररचनेतून, प्रभाव कालक्रम व वाचनातून आणि सहयोग प्रत्यक्ष सहभागातून सिद्ध करावा लागतो. चाहत्यांच्या वादात या तिन्हींची गल्लत झालेली दिसते.

२) 'बाबा ओरायली'ची शैली रायलींच्या १९७० पूर्वीच्या कार्याशी आणि लॉरी ऑर्गनच्या यंत्ररचनेशी निगडित आहे. मेहेरबाबांचा प्रभाव संकल्पनेच्या पातळीवर आहे.

३) रचनेवर भारतीय रागसंगीताचा थेट प्रभाव असल्याचा दावा कालक्रमाशी जुळत नाही.

स्थानिक अभिमानापोटी हा प्रभाव फुगवून सांगितला, तर जिल्ह्याच्या इतिहासाची विश्वासार्हता कमी होते. तो दुर्लक्षित ठेवला, तर खरोखर घडलेले तेवढेही हातचे जाते. १९७० च्या दशकात मेहेराबादला आलेल्या पाश्चात्त्यांच्या आठवणी प्रामुख्याने इंग्रजीत आहेत. त्यांना पाहणाऱ्या अरणगाव आणि पिंपळगाव माळवीच्या ग्रामस्थांची पिढी आता वार्धक्यात आहे. या लोकांनी कोणते संगीत ऐकले, कोणते ऐकवले आणि पाहुण्यांविषयी त्यांना काय वाटले, याच्या मराठी मुलाखती ध्वनिमुद्रित करणे हे जिल्ह्यातील महाविद्यालयांच्या इतिहास आणि संगीत विभागांना सहज शक्य आहे. हे काम पुढे ढकलण्यास फारसा अवधी उरलेला नाही.